दोन सूर्योदयांचा प्रवास

दोन विमानतळांमधील अंतर किती, असे कोणी विचारले की आपण मैलांचा किंवा किलोमीटरांचा आकडा सांगून मोकळे होतो. इतिहास मात्र या प्रश्नाचे उत्तर इतक्या सहजपणे देत नाही. पृथ्वीवरील दोन स्थळे आपापल्या जागी अचल असली, तरी त्यांच्यातील अंतर शास्त्राने घटते, राजकारणाने वाढते आणि युद्धकाळात कधी कधी दुर्लंघ्यही होऊन बसते.

फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर जपानच्या हाती पडले आणि ऑस्ट्रेलियाचा इंग्लंडशी असलेला हवाई दुवा तुटला. तो पुन्हा जोडण्यासाठी १९४३ मध्ये क्वांटास कंपनीने पाच कॅटॅलिना विमाने हिंदी महासागरावर धाडली. ही विमाने पाण्यावरून उडत व पाण्यावरच उतरत. पर्थच्या स्वान नदीतून निघावे आणि सिलोनमधील कोग्गला सरोवरात उतरावे, असा त्यांचा क्रम होता. अंतर सुमारे ५,६५० किलोमीटर. वाटेत विसावा कोठेही नाही.

ताशी २०० किलोमीटर वेग धरला, तर हा प्रवास सव्वाअठ्ठावीस तासांचा होतो. समोरून ताशी ३० किलोमीटरांचा वारा लागला, की तोच तेहेतीस तासांवर जातो. इंधनाचा भार एवढा असे, की टपालाखेरीज जेमतेम तीन प्रवासी नेता येत. जपानी गस्तीचा टापू अंधारात ओलांडावयाचा, बिनतारी यंत्र मूक ठेवावयाचे आणि ताऱ्यांवरून दिशा ठरवावयाची, असा शिरस्ता होता. विमानांना नावेही ताऱ्यांचीच दिलेली होती. एकाच उड्डाणात प्रवाशांना दोन सूर्योदय दिसत. जुलै १९४५ पर्यंत अशी २७१ उड्डाणे झाली आणि त्यांत एकही विमान गमावले गेले नाही.

युद्ध संपले. डिसेंबर १९४७ मध्ये सिडनी ते लंडन ही नियमित सेवा सुरू झाली. सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो असे मुक्काम करीत ती चार दिवसांत लंडनला पोहोचे. पुढे मार्च २०१८ मध्ये पर्थहून निघालेले विमान १४,५०० किलोमीटरांचे अंतर कोठेही न थांबता सुमारे सतरा तासांत कापून लंडनला उतरले. अंतरावर मनुष्याने अखेर मात केली, असे तेव्हा वाटले असल्यास नवल नाही.

परंतु एप्रिल २०२४ मध्ये इराणच्या परिसरात तणाव वाढला. ते आकाश टाळावयाचे, तर वळसा पडणार आणि इंधन अपुरे ठरणार. म्हणून लंडनला जाणारे हे विमान काही काळ इंधनासाठी वाटेत उतरवावे लागले, आणि तेही सिंगापुरातच! परतीच्या प्रवासात वारा पाठीशी असल्याने त्याला थांबण्याची गरज पडली नाही.

ऐंशी वर्षांत यंत्रे बदलली, वेग वाढला, प्रवास सुखाचा झाला. तरी वारा, इंधन आणि माणसामाणसांतील वैर या तीन गोष्टींचा हिशेब मात्र वैमानिकाला अजूनही चुकलेला नाही. त्यांपैकी पहिल्या दोहोंवर शास्त्र उपाय शोधीत आहे. तिसरीवरील उपाय त्याच्या प्रयोगशाळेत सापडण्याजोगा नाही.