तोफेची दारू आणि मालवणचा पाऊस

सिंधुदुर्गाचा इतिहास सांगताना आपण तट, बुरूज आणि पायात ओतलेल्या शिशापाशी थांबतो. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणसमोरच्या कुरटे बेटावर काम सुरू झालं आणि १६६७ पर्यंत किल्ला उभा राहिला. पण असा किल्ला तोफांवर राखायचा, तर तोफेत दारू किती भरायची हा गोलंदाजापुढचा रोजचा प्रश्न होता. या किनाऱ्यावर त्याचं उत्तर वजनमापात कमी आणि दारू कोरडी राखण्यात जास्त होतं, असं माझं मत आहे. दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. सोरा नीट शुद्ध केलेला नसला तर त्यातले इतर क्षार हवेतली ओल ओढतात, कोळसाही ओढतो. आता बेटावरचा मुक्काम आणि कोकणातला चार महिन्यांचा पाऊस यांचा विचार करा. दसऱ्यानंतर वाळवलेली दारू आणि श्रावणात कोठीत पडून राहिलेली दारू, वजन तेच असलं तरी जोर एक नाही. सर्दावलेल्या दारूची सवय झालेल्या गोलंदाजाने मुठीमुठीने माप वाढवत न्यायचं आणि मग कोरडी दारू हाती आल्यावर तेच माप ठासायचं, तर गोळा लांब जाण्याऐवजी तोफच फुटायची. कमी पडण्याइतकाच जास्त होण्याचा हा धोका फारसा कोणी लक्षात घेत नाही.

सिंधुदुर्ग पुढे १८१२ पर्यंत ज्या करवीर गादीकडे राहिला, तिच्याच सेवेत रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५-१६ च्या सुमारास आज्ञापत्र हा राजनीतीवरचा ग्रंथ लिहिला. त्यातल्या दुर्गप्रकरणाचा भर मापावर नाही, दारू राखण्यावर आहे. दारूखाना घरांपासून दूर हवा, भोवती निर्गुडीसारख्या झाडांचं दाट कुंपण हवं, तळघर गच्ची करून पक्कं बांधावं, आत माच घालून त्यावर मडकी ठेवावीत; आणि दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू बाहेर काढावी, ऊन द्यावं, पुन्हा मोहोर करून ठेवावी. ही सगळी काळजी आगीच्या भीतीची, असं कोणी म्हणेल. दूरची जागा, पहारा, परक्याला मज्जाव यांबाबत ते मान्यच आहे. पण माच आणि ऊन आगीसाठी नसतात. आगीची भीती एवढीच असती, तर कोठार उघडून दारू उन्हात पसरण्याची जोखीम पंधरवड्याला कशाला घ्यायची? प्रत्येक बाराला तेवढाच जोर मिळावा, हाच त्याचा हेतू.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: युरोपीय तोफखान्यात गोळ्याच्या वजनाच्या प्रमाणात दारू ठरत असे, आपल्याकडे नुसता अंदाज होता. ते प्रमाणही पुष्कळ काळ अंदाजाचंच होतं. बेंजामिन रॉबिन्सने १७४२ च्या ग्रंथात टांगत्या लाकडावर गोळी झाडून तिचा वेग मोजला, आणि दारू वाढवत गेल्याने वेग त्या मानाने वाढत नाही, हे दाखवलं. हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा अभियंता म्हणून हिंदुस्थानात आला आणि १७५१ साली इथेच वारला. तोफेची नळी आणि गोळा यांमधल्या फटीतून किती जोर वाया जातो, हेही महत्त्वाचं होतं. ओबडधोबड गोळ्याला तीच दारू कमी पडते. आजही रिव्हॉल्व्हरची काडतुसं हाताने भरणारे कमी मापापासून सुरुवात करून बेताबेतानेच वर जातात. छापील तक्ता हाताशी असतानाही ते तसंच करतात, कारण दारूचा प्रत्येक साठा थोडा वेगळा वागतो.

जुलै २०२५ मध्ये सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग जागतिक वारशाच्या यादीत आले. तिथे माहितीफलक लावताना तटाच्या लांबीबरोबर आज्ञापत्रातली दारूखान्याची ही व्यवस्थाही लिहावी, आणि किल्ला पाहायला जाणाऱ्यांनी दुर्गप्रकरण वाचून जावं.