आफ्रिकी सिक्लिडांचे संगोपन व प्रजनन

आफ्रिकी सिक्लिड हे सिक्लिडी कुलातील, आफ्रिका खंडात आढळणारे मासे होत. घरगुती मत्स्यालयांत शोभेसाठी ठेवल्या जाणाऱ्या आफ्रिकी सिक्लिडांपैकी बहुसंख्य जाती मलावी, टांगानिका व व्हिक्टोरिया या पूर्व आफ्रिकेतील तीन महासरोवरांतील आहेत. तेजस्वी रंग, हद्दीसाठी झुंजण्याची वृत्ती आणि पिल्लांची काळजी घेण्याच्या नानाविध पद्धती ही त्यांची वैशिष्ट्ये आहेत. बंदिस्त टाकीतही हे मासे सहज प्रजनन करतात. तथापि निकटच्या जातींचा आपसांत तितक्याच सहजपणे संकर होत असल्यामुळे जाती शुद्ध राखणे हा त्यांच्या संगोपनातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न ठरतो.

मूळ अधिवास

मलावी सरोवर मलावी, मोझांबिक व टांझानिया या देशांच्या सीमेवर असून त्याची कमाल खोली सुमारे ७०० मीटर आहे. टांगानिका सरोवर सुमारे १,४७० मीटर खोल असून बैकालनंतर ते जगातील सर्वांत खोल सरोवर आहे. व्हिक्टोरिया सरोवर विस्ताराने आफ्रिकेतील सर्वांत मोठे, परंतु उथळ आहे. या सरोवरांत सिक्लिडांच्या शेकडो जाती उत्क्रांत झाल्या असून त्यांपैकी बहुतेक अन्यत्र कोठेही आढळत नाहीत. घशातील जबड्यांची दुसरी जोडी हे या कुलाचे एक वैशिष्ट्य आहे. अन्न चावण्याचे काम या जोडीकडे असल्याने पुढचा जबडा खरवडणे, पकडणे, शोषून घेणे अशा निरनिराळ्या कामांसाठी बदलू शकला, असे मानले जाते.

मलावी सरोवरातील सिक्लिडांची शोभिवंत मासे म्हणून निर्यात १९६०च्या दशकात सुरू झाली. सरोवराच्या दक्षिण भागातील राष्ट्रीय उद्यानाचा १९८४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या यादीत समावेश झाला.

प्रमुख गट

म्बुना : मलावी सरोवराच्या खडकाळ किनाऱ्यालगत राहणारे, साधारणतः ८ ते १२ सेंटिमीटर लांबीचे मासे. टोंगा भाषेतील या शब्दाचा अर्थ ‘खडकांतील मासा’ असा दिला जातो. पिवळा लॅबिडोक्रोमिस सेरुलियस, मेलँडिया एस्थरी, निळ्या पट्ट्यांचा चिंडोंगो डेमासोनी व अतिशय आक्रमक असा मेलानोक्रोमिस ऑराटस या परिचित जाती होत.

ऑलोनोकारा व हॅप्लोक्रोमिस गटातील मासे : मलावी सरोवराच्या वाळूमय व मोकळ्या पाण्यात वावरणारे, तुलनेने मोठे मासे. यांतील निंबोक्रोमिस लिविंगस्टोनी हा मेल्याचे सोंग घेऊन तळाशी पडून राहतो आणि जवळ आलेल्या लहान माशांना गिळतो.

टांगानिकाचे मासे : येथील जातींत मोठी विविधता आहे. निओलॅम्प्रोलोगस मल्टिफॅसिएटस हा जेमतेम ४-५ सेंटिमीटर लांबीचा मासा गोगलगायींच्या रिकाम्या शंखांत राहतो व तेथेच अंडी घालतो. निओलॅम्प्रोलोगस ब्रिचार्डी या जातीत थोरली पिल्ले धाकट्या भावंडांचे रक्षण करण्यास मदत करतात.

टाकीची रचना

म्बुनांसाठी सुमारे १२० सेंटिमीटर लांब व किमान २०० लिटर पाणी मावेल अशी टाकी योग्य असते. उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची, कारण प्रत्येक नराला तळाशी स्वतःची हद्द हवी असते. शंखनिवासी लहान जातींना ६० ते ८० लिटरची टाकी पुरते.

मागील बाजूस दगडांची रास रचून तीत पुष्कळ कपारी ठेवाव्यात. हे मासे सतत वाळू उकरतात, म्हणून दगड वाळूवर न ठेवता आधी टाकीच्या तळावर पक्के बसवावेत व नंतर वाळू पसरावी. अन्यथा पायाखालची वाळू सरकून रास कोसळते व काच फुटू शकते. चुनखडीचा दगड किंवा शिंपल्यांचा चुरा पाण्याचा सामू टिकवण्यास साहाय्य करतो. महाराष्ट्रात सर्वत्र मिळणारा काळा दगड (बेसाल्ट) वापरण्यास सुरक्षित आहे, परंतु तो पाण्याच्या गुणधर्मांत विशेष बदल करीत नाही. प्रवाळांना भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण असल्यामुळे समुद्रातून आणलेली प्रवाळे सजावटीसाठी वापरू नयेत.

पाणी

महासरोवरांचे पाणी अल्कधर्मी असते. मलावीच्या माशांसाठी सामू ७.८ ते ८.६, टांगानिकाच्या माशांसाठी ८.५ ते ९ आणि तापमान २४ ते २७ अंश सेल्सियस राखले जाते. विहिरी व कूपनलिकांचे पाणी बहुधा दुष्फेन असल्याने या माशांना मानवते. धरणातून येणारे नळाचे पाणी पुष्कळदा सुफेन असते. सुफेन पाण्यात खाण्याचा सोडा व मॅग्नेशियम सल्फेट बेताने मिसळून आवश्यक गुणधर्म आणता येतात. मिश्रण करण्यापूर्वी पाण्याची चाचणी करणे आवश्यक आहे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन सोडियम थायोसल्फेटने नाहीसा करावा लागतो.

अल्कधर्मी पाण्यात अमोनियाचा धोका वाढतो. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या अन्नातून निर्माण होणारा अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. त्यांपैकी मुक्त अमोनिया अत्यंत विषारी आहे. २५ अंश सेल्सियस तापमानाला सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी सुमारे अर्धा टक्का, तर सामू ८ असताना सुमारे ५ टक्के भाग मुक्त रूपात असतो. म्हणून अमोनियाचे नायट्राइटमध्ये व पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू गाळणयंत्रात (फिल्टरमध्ये) स्थिरावल्याशिवाय मासे सोडू नयेत. या क्रियेस साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. त्यानंतर दर आठवड्यास एक चतुर्थांश ते एक तृतीयांश पाणी बदलले जाते.

आहार व आरोग्य

बहुतेक म्बुना खडकांवरील शेवाळाचा थर खरवडून खातात व त्यांचे आतडे लांब असते. त्यांना स्पिरुलिनायुक्त खाद्य व उकडलेला पालक किंवा वाटाणा मानवतो. मांसाचे तुकडे देऊ नयेत. अयोग्य आहार, अस्वच्छ पाणी व सततचा ताण यांमुळे होणारा ‘मलावी ब्लोट’ हा गंभीर विकार आहे. त्यात मासा खाणे सोडतो, त्याचे पोट फुगते व विष्ठा पांढरी, धाग्यासारखी होते. ही लक्षणे प्रगत अवस्थेत पोचल्यावर उपचार क्वचितच यशस्वी होतात. म्हणून खाद्य थोडे व मोजके देण्यावर भर असतो.

आक्रमकता

एका नरामागे तीन किंवा अधिक माद्या ठेवल्यास एकाच मादीचा सतत पाठलाग होत नाही. चिंडोंगो डेमासोनीचे नर स्वजातीयांशी विशेष भांडतात. त्यामुळे ही जात दोन-चारांच्या गटाऐवजी बारा किंवा अधिकांच्या गटात ठेवतात. माशांची संख्या थोडी अधिक ठेवल्याने आक्रमण विभागले जाते. मात्र अशा वेळी गाळण्याची क्षमताही वाढवावी लागते. नवीन मासे सोडताना दगडांची मांडणी बदलल्यास जुन्या हद्दी मोडतात व नवागतांना जागा मिळते.

प्रजनन

मलावीच्या जवळजवळ सर्व सिक्लिडांत मादी अंडी तोंडात सांभाळते. नर सपाट दगडावर किंवा वाळूतील खळग्यात मादीला आकर्षित करतो. दोघे एकमेकांभोवती फिरत असता मादी अंडी घालते व लगेच ती तोंडात घेते. नराच्या गुदपक्षावर (पोटाखालच्या मागील परावर) अंड्यांसारखे दिसणारे ठिपके असतात. मादी तेथे तोंड नेते तेव्हा नराचे शुक्र तिच्या तोंडात जाऊन अंड्यांचे फलन होते. या ठिपक्यांचे हे कार्य वोल्फगांग विक्लर यांनी १९६२ मध्ये मांडले.

मादी सुमारे तीन आठवडे पिल्ले तोंडात ठेवते व या काळात जवळजवळ काहीही खात नाही. गळ्याखालचा फुगवटा हे तिचे ठळक लक्षण होय. अशा मादीला शांत, स्वतंत्र टाकीत हलवतात. पिल्ले सोडल्यावर तिला काही दिवस खाऊ-पिऊ घालून मगच मूळ टाकीत परत नेतात. पिल्लांना नुकतेच उबवलेले आर्टेमिया व बारीक केलेले कोरडे खाद्य दिले जाते.

टांगानिकातील सायनोडोंटिस मल्टिपंक्टेटस हा मिशाळ मासा, कावळ्याच्या घरट्यात अंडे घालणाऱ्या कोकिळेप्रमाणे, आपली अंडी सिक्लिड मादीच्या अंड्यांत मिसळतो. तिच्या तोंडात त्याची पिल्ले आधी बाहेर येतात व यजमानाची पिल्ले खातात.

संकर व जातींची शुद्धता

सरोवरात निकटच्या जाती प्रामुख्याने जोडीदाराच्या निवडीमुळे वेगळ्या राहतात. मादी आपल्या जातीच्या नराचा रंग ओळखते. व्हिक्टोरिया सरोवरात सांडपाणी व शेतातील खतांमुळे पाणी गढूळ झाले, तेव्हा ही ओळख दुबळी पडून जाती एकमेकींत मिसळू लागल्या, असे ओले झेहाउझेन व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले. टाकीत हेच वेगळ्या कारणाने घडते. स्वजातीचा नर उपलब्ध नसल्यास मादी दुसऱ्या जातीच्या नराशी संग करते. लॅबिडोक्रोमिस सेरुलियस व मेलँडिया एस्थरी एकत्र ठेवल्यास असे संकर वरचेवर होतात, आणि संकरित पिल्ले अनेकदा मूळ जातीसारखीच दिसतात. ती त्याच नावाने विकली गेल्यास पुढील अनेक पिढ्यांत भेसळ पसरते. दुकानांत ‘मिश्र आफ्रिकी सिक्लिड’ म्हणून मिळणारे मासे म्हणूनच प्रजननासाठी अयोग्य ठरतात.

प्रजनन करणाऱ्याने एका टाकीत एका प्रजातिगणातील एकच जात ठेवावी, मासे मिळाल्याचा स्रोत व मूळ ठिकाण नोंदवून ठेवावे, आणि वंशाविषयी शंका असलेली पिल्ले जातीच्या नावाने देऊ नयेत. या शिस्तीला संवर्धनाच्या दृष्टीने महत्त्व आहे. नाईल पर्च हा परका शिकारी मासा १९५०च्या दशकात व्हिक्टोरिया सरोवरात सोडल्यानंतर तेथील अनेक सिक्लिड जाती नाहीशा झाल्या. काही जाती आज मुख्यत्वे मत्स्यालयांतच टिकून आहेत. मलावीतील चिंडोंगो साउलोसी ही एकाच खडकाळ भागापुरती मर्यादित असलेली जात शोभिवंत माशांच्या व्यापारासाठी झालेल्या पकडीमुळे अतिसंकटग्रस्त झाली आहे. अशा जातींची टाकीत वाढवलेली पिल्ले वन्य माशांची मागणी कमी करू शकतात.

नैसर्गिक पाणवठ्यांना धोका

नको असलेले मासे नदी, तलाव किंवा विहिरीत सोडणे टाळावे. मोसांबिक टिलापिया (ओरिओक्रोमिस मोसांबिकस) हा आफ्रिकी सिक्लिड १९५२ मध्ये खाद्यमासा म्हणून भारतात आणला गेला. ‘चिलापी’ या नावाने ओळखला जाणारा टिलापिया आज उजनीसह महाराष्ट्रातील अनेक जलाशयांत विपुल असून अन्न व जागेसाठी तो स्थानिक माशांशी स्पर्धा करतो. भारतातील मूळ सिक्लिड मोजकेच आहेत; कोकण-गोव्याच्या खाड्यांत मिळणारा कालुंदर (इट्रोप्लस सुरटेन्सिस) हा त्यांपैकी एक होय. ठेवणे अशक्य झालेले मासे दुसऱ्या पालकाकडे सोपवणे हाच योग्य पर्याय मानला जातो.