क्लोरोफॉर्मची झोंप आणि घोरणारा रोगी

बीडहून दक्षिणेकडे निघालें म्हणजे वाटेंत चौसाळें लागतें. हा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. आणि त्या राज्याच्या राजधानींत, हैदराबादेस, शस्त्रक्रियेच्या झोंपेंत माणूस कां दगावतो या प्रश्नावर एक मोठा वाद लढला गेला.

1847 सालीं एडिंबरोच्या सिम्पसननें क्लोरोफॉर्म प्रचारांत आणलें. पुढच्याच जानेवारींत इंग्लंडांत हॅना ग्रीनर ही 15 वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचें नख काढतांना त्याखालीं दगावली. हृदय आधीं थांबलें कीं श्वास? हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांचा निकाल ठरलेला होता : श्वास आधीं जातो, नाडी धरून बसूं नका, श्वासावर नजर ठेवा. 1888 सालच्या त्यांच्या क्लोरोफॉर्म कमिशनवर ‘लॅन्सेट’ पत्राचा विश्वास बसेना, तेव्हां निजाम महबूब अली खान यांनीं 1000 पौंड देऊन त्या पत्राचाच तज्ज्ञ मागविला. 1889 सालीं लॉडर ब्रंटन आले, जनावरांवर प्रयोग झाले, आणि त्यांनींहि लॉरींचीच री ओढली!

तरी निम्मा निकाल चुकलाच. हलक्या क्लोरोफॉर्मखालीं हृदय एकाएकीं थरथरून बंद पडूं शकतें, हें 1911 च्या सुमारास लेव्ही यांनीं दाखविलें. श्वासावर नजर ठेवण्याची शिकवण मात्र टिकली. आणि आज ती शस्त्रक्रियेच्या मेजापाशीं थांबत नाहीं.

घोरणारास आपण ‘गाढ झोंपला’ म्हणतों. पण कांहीं घोरणाऱ्यांचा गळा झोंपेंत मिटतो. छाती हालते, वारा आंत जात नाहीं, आणि मग धडपडून, अर्धवट जागें होऊन श्वास सुरू होतो. ही धडपडच त्याची राखणदार. भुलीचा उरलेला अंमल आणि अफूच्या जातीचीं वेदनाशामकें त्या राखणदारालाच निजवितात. म्हणून शस्त्रक्रिया सुखरूप पार पडल्यावरची रात्रच अशा रोग्यास अवघड.

यासाठीं भूल देणारे डॉक्टर आधीं विचारतात : घोरतां काय? दिवसा पेंग येते काय? श्वास थांबलेला कोणीं पाहिला आहे काय? शेवटच्या प्रश्नाचें उत्तर खुद्द निजणारा कसें देणार? तें त्याच्या पत्नीनें द्यावयाचें. आणि चारचौघांत पतीचें घोरणें काय सांगावें, म्हणून तीच गप्प बसते. तें सांगितलें असतां पुष्कळ करतां येतें. उशाकडची बाजू उंच ठेवतात, कुशीवर निजवितात, बोटाला रक्तांतील प्राणवायु मोजणारें यंत्र लावतात, झोंपविणारीं औषधें हात राखून देतात. रात्रीं नाकावर मुखवटा लावून वाऱ्याच्या दाबानें गळा उघडा ठेवण्याची युक्ति सिडनीच्या सलिव्हन यांनीं 1981 सालीं प्रसिद्ध केली; ज्याच्या घरीं असें यंत्र असेल त्यानें तें इस्पितळांत जातांना बरोबर न्यावें.