थंडाव्याचा आवाज आणि कायद्याचे कान

गारखेड्यात उन्हाळा लागला की पत्र्याचे कूलर माळ्यावरून खाली येतात आणि त्यांत नवे गवत भरले जाते. त्यांच्या घरघरीला आता भिंतीबाहेर टांगलेल्या एसीच्या युनिटची साथ आहे. शेजाऱ्यांचे असे एक युनिट माझ्या आईच्या खिडकीपासून चार हातांवर आहे. रात्री कंप्रेसर सुरू झाला की ती जागी होते. तक्रारीसाठी म्हणून मी कायदा उघडला आणि त्याच्या इतिहासात शिरलो.

पर्यावरण (संरक्षण) कायदा 1986 चा. त्याखालील नियमांत डिसेंबर 1989 मध्ये परिसरातील आवाजाच्या मर्यादा आल्या. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल. व्यापारी भागात 65 आणि 55. पुढच्या वर्षी यंत्रांची यादी जोडली गेली. उत्पादकांनी 31 डिसेंबर 1993 पर्यंत गाठायच्या मर्यादा तीत होत्या: एक ते दीड टनाच्या खिडकी-एसीला 68, कूलरला 60, फ्रिजला 46. म्हणजे कूलर कायद्याला अनोळखी नव्हता. पण अट यंत्र बनवणाऱ्याला होती. ते कोणाच्या खिडकीसमोर बसवायचे, याविषयी यादी गप्प होती. स्प्लिट एसीचे बाहेरचे युनिट तर तीत नव्हतेच.

14 फेब्रुवारी 2000 रोजी ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम निघाले. त्यांचा मुख्य रोख भोंग्यांवर होता. 2010 च्या दुरुस्तीने रात्रीच्या बंधनांत हॉर्न, फटाके आणि बांधकामाची यंत्रे आली. थंडाव्याची यंत्रे नावाने कुठेच आली नाहीत. त्यांच्यासाठी उरते ती सर्वसाधारण वाट: आवाज मर्यादेपेक्षा 10 डेसिबल किंवा अधिक चढला तर तक्रार. रात्रीची मर्यादा 45, म्हणजे दार उघडते 55 ला. 10 डेसिबलची वाढ म्हणजे दहापट ध्वनिऊर्जा; कानाला ती साधारण दुप्पट वाटते. शिवाय मोजणी सरासरीची असते. कंप्रेसरचा झटका त्या सरासरीत विरतो, झोपलेल्या माणसाच्या कानात विरत नाही.

याउलट डिझेल जनित्र पाहा. 2002 च्या अधिसूचनेने 1000 केव्हीएपर्यंतच्या नव्या जनित्रासाठी आवरणापासून एक मीटरवर 75 डेसिबलची हद्द घातली. जुनी जनित्रे वापरणाऱ्यांनाही योग्य जागा निवडून आवाज आवरायला सांगितले. इथे कायद्याने यंत्राबरोबर त्याची जागाही पाहिली.

मी अखेर अर्ज न लिहिता शेजारच्या काकांकडे गेलो. त्यांनी युनिटखाली रबर बसवून घेतले. मग हळूच म्हणाले, "तुमचा कूलरही आमच्या नातवाच्या खोलीकडे तोंड करून आहे बरं का." तो मी फिरवला. आमचे मिटले, कारण बोलण्यापुरती ओळख होती. पण रस्त्याकडेला खाली दुकाने, वर घरे आणि मागे युनिटांची रांग असते, तिथे कोणाचे दार वाजवायचे? इमारतीला परवानगी देतानाच या युनिटांची जागा विचारली गेली पाहिजे. जनित्राच्या बाबतीत हा प्रश्न आपण 2002 मध्येच विचारला आहे.