लिक्यूर, वनस्पतिजन्य : टिकाऊपणा व साठवण

मुळे, साली, बिया, पाने व फुले यांतील सुगंधी द्रव्ये मद्यार्कात उतरवून व त्यात साखर मिसळून तयार केलेल्या पेयास वनस्पतिजन्य लिक्यूर म्हणतात. यूरोपातील मठांत व औषधशाळांत ही पेये प्रथम औषध म्हणून तयार होत. ताज्या वनस्पतीचा अल्पायुषी गुण दीर्घकाळ राखणे हा त्यांचा मूळ हेतू असल्याने टिकाऊपणाचा प्रश्न त्यांच्या इतिहासाशी निगडित आहे. फ्रान्समधील शार्त्रझ या लिक्यूरच्या उदाहरणाने तो स्पष्ट होतो.

सेंट ब्रूनो याने १०८४ मध्ये ग्रनॉब्लनजीकच्या पर्वतराजीत कार्थूझियन पंथाचा मठ स्थापिला. या पंथाच्या पॅरिसजवळील मठास १६०५ मध्ये एका अर्काच्या कृतीचे हस्तलिखित मिळाले. त्यावरून १७३७ मध्ये ग्रांद शार्त्रझ मठात वनस्पतींचा तीव्र औषधी अर्क सिद्ध झाला. त्यापासून पुढे हिरवे (मद्यार्क ५५ टक्के) आणि अधिक गोड व सौम्य पिवळे अशी दोन लिक्यूरे निघाली. त्यांत १३० वनस्पती वापरतात असे सांगितले जाते. मूळ कृती मात्र गुप्त आहे. १९०३ मध्ये फ्रेंच शासनाने साधूंना देशाबाहेर घालविल्यावर त्यांनी स्पेनमधील टॅरागोना येथे उत्पादन सुरू केले. तेथील कारखाना १९८९ मध्ये बंद झाला; तथापि तेथील जुन्या बाटल्यांना संग्राहकांत मोठी मागणी आहे.

या बाटल्या टिकण्याचे मुख्य कारण मद्यार्काचे प्रमाण हे होय. ते सु. २० टक्क्यांहून अधिक असल्यास सूक्ष्मजीवांची वाढ सहसा होत नाही. साखरेचाही त्यास हातभार लागतो. परंतु पेय न नासणे आणि त्याचा गुण टिकणे या भिन्न गोष्टी आहेत. हिरव्या शार्त्रझचा रंग हरितद्रव्याचा असल्याने प्रकाशात तो फिका पडून पिवळसर होतो. बाटली उघडल्यावर आत शिरणाऱ्या हवेतील ऑक्सिजनामुळे बाष्पनशील तेलांचा सुगंध मंदावतो. उष्णतेने ही क्रिया वेगाने घडते. मूळ औषधी अर्काची लहान बाटली लाकडी नळकांड्यात घालून विकण्याची जी प्रथा आहे, तिच्यामुळे प्रकाशापासून आपोआप संरक्षण मिळते.

म्हणून अशी लिक्यूरे थंड, अंधाऱ्या व तापमानात फारसा चढउतार नसलेल्या जागी ठेवतात. वाइनप्रमाणे बाटली आडवी ठेवू नये. तीव्र मद्यार्काने बूच झिजते व पेयास त्याचा वास लागतो. बुचाभोवती साचलेली साखर पुसून ते घट्ट बसवावे. उघडलेल्या बाटलीतील पेय कमी उरल्यास ते लहान बाटलीत काढावे, म्हणजे हवेशी संपर्क घटतो. मद्यार्क कमी असलेली लिक्यूरे लवकर संपवावीत. साय किंवा अंडी घातलेल्या प्रकारांना हे नियम लागू पडत नाहीत. त्यांची मुदत बरीच मर्यादित असते.

कालमानाचा असाच विचार भारतीय वैद्यकातही आढळतो. शार्ङ्गधरसंहितेत चूर्णे, गुटिका इत्यादींचा गुण ठराविक काळानंतर क्षीण होतो, तर आसवे जुनी झाल्यावर गुणयुक्त होतात, असे सांगितले आहे. आसवे किण्वनाने तयार होत असल्याने ती लिक्यूरांहून भिन्न होत. लिक्यूरांच्या बाबतीत मात्र केवळ वयावरून बाटलीचे मोल ठरत नाही. ती कशी सांभाळली गेली, यावर ते अवलंबून असते.