दोन गंगापूर आणि १५ ऑक्टोबर

ऑफिसातला एक मित्र पहिल्या दिवशी म्हणाला, "मी गंगापूरचा." मी नाशिकचा, त्यामुळे एकदम खूश. म्हटलं, "अरे वा, म्हणजे धरणावरचाच की! आम्ही कॉलेजात असताना दर पावसाळ्यात तिकडे पडीक असायचो."

तो हसला. "ते तुझं गंगापूर. माझं गंगापूर म्हणजे तालुका, वैजापूरच्या पुढचा. तुझ्या गंगापुरात पाणी अडतं आणि माझ्या गंगापुरात आम्ही त्याची वाट बघतो."

तेव्हा मी विषय हसण्यावारी नेला. पण वाक्य डोक्यात राहिलं. मग दोन-तीन वीकेंड मिळतील ते आकडे, जुन्या बातम्या आणि नकाशे चाळत बसलो. नाशिकचं पाणी येतं कुठून आणि ते किती द्यायचं हे ठरवतं कोण, एवढंच बघायचं होतं. प्रकरण वाटलं होतं त्यापेक्षा बरंच लांब गेलं.

पाणी जास्त झालं की ते मोजायचं कसं, हे नाशिककराला शिकवावं लागत नाही. गोदाकाठी दुतोंड्या मारुती उभा आहे. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, डोक्यावरून गेलं, एवढं सांगितलं की पूर किती आलाय ते अख्ख्या गावाला कळतं. १९ सप्टेंबर २००८ चा पूर अजूनही लोक मारुतीच्या आणि नारोशंकराच्या घंटेच्या हिशेबातच सांगतात. पण पाणी कमी झालं की मोजायला असा मारुती नाही. तिथे एक तारीख आहे, १५ ऑक्टोबर. त्या तारखेकडे जाण्याआधी थोडं मागे जाऊ.

जुनं नाशिक नदी, कुंडं, आड आणि विहिरी यांवर जगत होतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लागोपाठ मोठे दुष्काळ पडले आणि इंग्रज सरकारने गोदावरीच्या खोऱ्यात कालव्यांची कामं काढली. नांदूर मधमेश्वरला बंधारा बांधला, तिथून नदीच्या दोन्ही काठांनी कालवे काढले आणि त्यांना पाणी पुरावं म्हणून इगतपुरीकडे दारणा नदीवर धरण बांधलं. ते १९१६ मध्ये पूर्ण झालं. गंमत बघा, धरण नाशिक जिल्ह्यात, पण पाणी निघालं खाली कोपरगाव-राहात्याच्या शेतांकडे. म्हणजे वर अडवायचं आणि खाली वापरायचं, ही या खोऱ्याची रीत शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे.

स्वातंत्र्याच्या सुमारास शहराच्या वरच्या अंगाला, गंगापूर गावाजवळ, गोदावरीवरच मातीचं धरण बांधायला सुरुवात झाली. ते १९६५ मध्ये पूर्ण झालं. मुख्य हेतू कालव्याचं सिंचन, आणि त्याबरोबर शहराचं पिणं. तेव्हाचं नाशिक लाख-सव्वा लाख वस्तीचं, त्यामुळे शहराचा वाटा म्हणजे ताटातली चटणी.

आमच्या धंद्यात याला लेगसी सिस्टीम म्हणतात. एका कामासाठी लिहिलेला प्रोग्रॅम असतो. पंधरा-वीस वर्षांनी त्याच्यावर भलतंच काम चढवलेलं असतं, पण मूळ कोडला हात लावायची कुणाची हिंमत नसते. गंगापूर धरणाचं तसंच झालं. सातपूरला औद्योगिक वसाहत आली, ओझरला १९६४ मध्ये विमानांचा कारखाना आला, एकलहऱ्याला औष्णिक वीज केंद्र आलं, सिडको आलं. १९८२ मध्ये नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका व आसपासची गावं एकत्र करून महानगरपालिका झाली. १९९१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ६.५७ लाख होती, २००१ मध्ये १०.७७ लाख आणि २०११ मध्ये १४.८६ लाख. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे पुढची कित्येक वर्षं महापालिका पाणी मागताना माणसं अंदाजानेच मोजत आली.

आता ती तारीख.

पावसाळा ओसरला की १५ ऑक्टोबरला धरणांत किती साठा आहे ते बघतात. तो साठा पुढच्या वर्षीच्या ३१ जुलैपर्यंत पुरवायचा, असं धरून वाटप ठरतं. पिण्यासाठी किती, कारखान्यांना किती, शेतीला किती आवर्तनं, आणि बाष्पीभवनाचे किती वजा. महापालिका आपली मागणी देते, जलसंपदा विभाग तपासतो आणि पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली कालवा सल्लागार समितीची बैठक होते. बैठकीच्या नावातच कालवा आहे, शहर नाही. मूळ कोड, दुसरं काय!

१५ ऑक्टोबर ते ३१ जुलै हे २९० दिवस होतात. नाशिक महापालिका अलीकडच्या काळात दिवसाला साधारण १९ दशलक्ष घनफूट पाणी उचलते, म्हणजे ५३-५४ कोटी लिटर. गुणाकार करा, ५,५१० दशलक्ष घनफूट येतात. आणि गंगापूर धरणाची क्षमता किती? ५,६३०.

हा आकडा मी दोनदा तपासला. धरण तुडुंब भरलं, शेतीला थेंब दिला नाही, कारखान्यांना दिला नाही, उन्हाने काही उडालं नाही, तरीही एकटं शहर ते जवळजवळ रिकामं करतं!

त्यात आणखी एक गोष्ट. या धरणाची मूळ क्षमता ७,२०० दशलक्ष घनफूट होती. मधल्या वर्षांत तळाशी गाळ बसत गेला आणि १,५७० कमी झाले. आजच्या रोजच्या वापराने भागलं तर हे ८२ दिवसांचं पाणी आहे. म्हणजे फेब्रुवारी, मार्च आणि एप्रिलचे तीन आठवडे गाळाखाली गेले.

मग शहर चालतं कसं? वरून उसनं घेऊन. गंगापूरच्या वर काश्यपी आणि गौतमी गोदावरी ही दोन धरणं नंतर बांधली गेली. उन्हाळ्यात गंगापूरचा साठा उतरला की वरून पाणी सोडून तो भरून काढायचा. कागदावर एकदम सोपं. पण काश्यपीच्या पाण्याखाली ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांचे पुनर्वसनाचे आणि नोकऱ्यांचे प्रश्न वर्षानुवर्षं लोंबकळत राहिले, आणि ऐन उन्हाळ्यात हे लोक पाणी सोडायला विरोध करायला उभे राहिले. शहरात बातमी येते ती "पाणी सोडण्यात अडथळा" अशी. अडथळा म्हणजे कोण, हे बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात असतं, आणि तिथपर्यंत आपण वाचत नाही. निदान मी तरी वाचत नव्हतो.

नाशिकरोडचा बराच भाग दारणेच्या पाण्यावर, चेहेडीच्या पंपिंग स्टेशनवरून. दारणेचं मूळ गिऱ्हाईक कोण, ते वर सांगितलंच.

तरीही कमी पडायला लागलं, तेव्हा महापालिकेने इगतपुरी तालुक्यातल्या मुकणे धरणातून थेट पाइपलाइन आणली. विल्होळीला शुद्धीकरण केंद्र बांधलं. २०१८ च्या सुमारास हे पाणी शहरात यायला लागलं. इंदिरानगर, पाथर्डी फाटा वगैरे वाढत्या भागांना त्याचा मोठा आधार झाला. त्या वर्षी आमच्या सोसायटीत टँकर कमी झाले म्हणून आईने देवापुढे साखर ठेवली होती, ते मला अजून आठवतं.

आता मुकणे धरण बांधलं कुणासाठी? इथे मी खुर्चीत जरा सावरून बसलो. मुकणे, भावली, भाम आणि वाकी ही धरणं नांदूर मधमेश्वर प्रकल्पातली. त्यांचं पाणी नांदूर मधमेश्वरला आणायचं आणि तिथून जलदगती कालव्याने मराठवाड्यात न्यायचं, अशी ती योजना. कोणत्या तालुक्यांत? मुख्यतः वैजापूर आणि गंगापूर.

मित्राचं गंगापूर!

म्हणजे त्याचं वाक्य अर्धंच होतं. माझ्या गंगापुरात पाणी अडतं, इतकंच नाही. त्याच्या गंगापूरसाठी अडवलेल्या पाण्यातला एक वाटाही आता माझ्या नळाला येतो. यात चोरी कुणाचीच नाही. पिण्याच्या पाण्याला पहिला अग्रक्रम, हे राज्याच्या जलनीतीत लिहिलेलं आहे आणि शहराने रीतसर आरक्षण घेतलेलं आहे. पण आरक्षण म्हणजे नवीन पाणी नव्हे. ठरलेल्या साठ्यातला एक आकडा या रकान्यातून त्या रकान्यात जातो, बस्स.

याच गोष्टीचं मोठं रूप म्हणजे जायकवाडी. गोदावरी माझ्या गंगापुरातून निघते, नांदूर मधमेश्वर आणि कोपरगाव ओलांडते, मित्राच्या तालुक्याच्या कडेने जाते आणि पैठणला नाथसागराला मिळते. जायकवाडीचं बांधकाम १९६५ मध्ये सुरू झालं आणि १९७६ मध्ये उद्घाटन झालं. उपयुक्त साठा सुमारे ७६ टीएमसी, म्हणजे गंगापूर धरणाच्या तेरापट. पण वर एकेक धरण वाढत गेलं तसं बेताच्या पावसाच्या वर्षी खाली काही पोचेना. २००५ मध्ये राज्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला आणि त्यात टंचाई वरच्या-खालच्यांनी समान सोसावी, हे तत्त्व आलं. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये प्राधिकरणाने त्याला आकडा दिला. जायकवाडीत ६५ टक्के साठा झाला नसेल, तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचं. साठा कोणत्या तारखेचा बघायचा? १५ ऑक्टोबरचा. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही समन्यायी वाटपाचं तत्त्व उचलून धरलं. टक्का किती असावा यावर नंतरही वाद झाले, तो भाग वेगळा.

२०१५ मध्ये याची खरी परीक्षा झाली. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थ कुंभमेळा, रामकुंडावर लाखोंची गर्दी, आणि पाऊस कमी. ऑक्टोबरमध्ये आदेश आला, नाशिक आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतल्या धरणांतून १२.८४ टीएमसी पाणी जायकवाडीसाठी सोडायचं. नाशिकमध्ये मोर्चे निघाले, आंदोलनं झाली. मी तेव्हा नाशिकच्याच बाजूने तावातावाने भांडत होतो. "आमचं पाणी पळवलं" हे वाक्य माझंही होतं. एप्रिल २०१६ मध्ये रामकुंड कोरडं पडलं आणि त्यात टँकरने पाणी आणून टाकायची वेळ आली, तेव्हा तर माझी खात्रीच झाली.

त्याच उन्हाळ्यात मित्राच्या घरी काय चाललं होतं, ते त्याने परवा सांगितलं. त्यांनी दोन बैल विकले आणि मोसंबीची झाडं सरपणासाठी तोडली. "तुम्ही पाणी पळवलं" हे वाक्य त्यांच्याकडेही होतं, शब्द न् शब्द तेच.

मग दोष कोणाचा? मला विचाराल तर असा एक माणूस सापडत नाही. खोऱ्यात पडणारं पाणी ठरलेलं, आणि त्याच्यावर शेत, ऊस, कारखाने, वीज केंद्र, कुंभ आणि दोन-दोन शहरं असे हक्क एकावर एक लिहिले गेले. चांगल्या पावसाच्या वर्षी सगळ्यांचे हक्क खरे असतात. वाईट वर्षी बेरीज जुळत नाही, आणि बेरीज करायची तारीख १५ ऑक्टोबर असते. २०२३ मध्ये पाऊस कमी पडला तेव्हा पुन्हा तेच झालं, वरच्या धरणांतून ८.६ टीएमसी सोडायचा आदेश निघाला.

शहराच्या हातात उरतं काय? आरक्षणाच्या आकड्यापेक्षा, मिळालेल्या पाण्याचं काय होतं ते. रोजच्या १९ पैकी समजा २ दशलक्ष घनफूट गळक्या वाहिन्यांतून आणि बिनहिशेबी जोडण्यांतून वाचवले (हा माझा अंदाज नाही, नुसतं उदाहरण आहे), तर २९० दिवसांत ५८० होतात. पूर्ण एक महिन्याचं पाणी, एकही गाव न उठवता. तरीही घोषणा होते ती नव्या धरणाची किंवा नव्या पाइपलाइनची. जमिनीखालच्या गळतीचं उद्घाटन करता येत नाही ना!

असो. आता आम्ही दोघं पावसाळ्यात कॅन्टीनमध्ये बसून धरणसाठ्याचा तक्ता बघतो. आधी मी फक्त गंगापूर बघायचो आणि तो फक्त जायकवाडी. आता मी खालची ओळही वाचतो आणि तो वरची. दोन्ही भरले की चहा माझ्याकडून.

तुम्ही पुण्यात असाल तर खडकवासला बघा, मुंबईत असाल तर भातसा. आपलं पाणी कुठल्या धरणातून येतं हे बहुतेकांना माहीत असतं. ते धरण मुळात कुणासाठी बांधलं होतं, हेही एकदा बघून ठेवा.