फातिमाबींनी आठवणी लिहिल्या असत्या तर

२०२५च्या जानेवारीत एका पत्रकाराने समाजमाध्यमावर दावा केला की फातिमा शेख नावाची बाई कधी झालीच नाही, ते पात्र आपण स्वतः रचलं. मोठा गदारोळ झाला. उत्तरादाखल अनेकांनी सावित्रीबाई फुले यांचं १० ऑक्टोबर १८५६चं पत्र पुढे केलं. आजारी असल्यामुळे सावित्रीबाई तेव्हा माहेरी, नायगावला होत्या. आपल्या गैरहजेरीत फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी जोतिबांना लिहिलं होतं. एका बाईचं सगळं असणं दुसऱ्या बाईच्या पत्रातल्या एवढ्याशा उल्लेखावर येऊन ठेपलं होतं.

मला बायकांची आत्मकथनं वाचायची ओढ आहे, तिचं कारण या प्रसंगात सापडतं. बाईने स्वतः लिहिलं नाही, तर ती होती की नव्हती हे दुसरेच ठरवतात.

बाबरची मुलगी गुलबदन बेगम हिचंच घ्या. अकबराने आपल्या राज्याचा इतिहास लिहायला घेतला तेव्हा या वृद्ध आत्यालाही आठवणी लिहायला सांगितलं. त्यातून ‘हुमायूननामा’ झाला. चौसाची लढाई १५३९ साली झाली, शेरखान जिंकला, हे आपण शाळेत शिकलो. गुलबदन सांगते की त्या धावपळीत हुमायूनची लहानगी मुलगी अकीका हरवली आणि बाप पुढे तिच्यासाठी हळहळत राहिला. हमीदाबानूने हुमायूनशी निकाह करायला चाळीस दिवस नकार दिला होता, हेही तीच सांगते. पुढे हीच हमीदा अकबराची आई झाली. बादशहाला नाही म्हणणारी मुलगी सोळाव्या शतकात होती, हे आपल्याला कळतं ते एका बाईने लिहून ठेवलं म्हणून.

मराठीतही हेच दिसतं. रमाबाई रानडे यांच्या आठवणी १९१० साली प्रसिद्ध झाल्या. न्यायमूर्तींच्या समाजसुधारणेची घरातली किंमत काय होती, ते त्यात कळतं. शिकणाऱ्या सुनेला घरातल्याच बायकांनी किती छळलं, हे सभेच्या वृत्तांतात येत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ तर आमच्या भागाला जवळची. नारायण वामन टिळक राजनांदगावला निघाले असताना आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ दिला. तो मार्ग आमच्या गोंदियावरूनच जातो. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या चरित्रात हा आत्म्याचा शोध असतो. बायकोच्या पुस्तकात मात्र ती पदरात लहान मूल असताना अचानक एकटी पडल्याची हकिकत आहे. दोन्ही खरं आहे, पण एकटं वाचलं तर अर्धंच.

फलटणच्या बेबी कांबळे दुकान सांभाळत लिहीत. नवऱ्याला कळू नये म्हणून त्यांनी ते लिखाण वर्षानुवर्षं लपवून ठेवलं. ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपाने १९८६ साली आलं.

आपल्या समाजात काय आहे? मेहरुन्निसा दलवाईंचं ‘मी भरून पावले आहे’ १९९५चं. हमीद दलवाईंच्या विचारांशी तुम्ही सहमत असा वा नसा, पण चळवळ करणाऱ्या माणसाचं घर कुणाच्या नोकरीवर चालतं हे त्यात वाचायला मिळतं. शाहीर अमर शेख यांची लेक मल्लिका अमर शेख यांचं ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ १९८४चं. अजून काही नावं असतील, पण मराठीतल्या दलित स्त्रियांच्या आत्मकथनांसमोर आपली यादी फार तोकडी आहे.

एक अडचण भाषेचीही आहे. विदर्भातल्या आमच्या बऱ्याच घरांत आई, नानी, दादी उर्दूमिश्रित हिंदी बोलतात. बाजारात मराठी, शाळेत पुस्तकी मराठी. आपल्याला ‘लिहिण्याची भाषा’ येत नाही, असं त्यांना वाटतं. मेहरुन्निसाबाईंचं माहेरही उर्दू बोलणारं, तरी त्यांचं सांगणं मराठीत आलं.

गोंदिया शहराला लागून असलेल्या आमच्या फुलचूरचंही असंच आहे. गोंदिया म्हटलं की भातगिरण्या आणि बिडी. जिल्ह्याच्या माहितीपुस्तकांत तेंदूपत्ता, कारखाने, मजूर यांचे आकडे सापडतात. पान कापायचं, तंबाखू भरायचा, दोरा बांधायचा आणि हजाराच्या हिशेबाने मजुरी घ्यायची. या कामात हिंदू, मुस्लिम, बौद्ध बायका वर्षानुवर्षं शेजारी बसल्या. बिडी नापास झाली की मजुरी कापली जायची. तेव्हा त्या आपसात काय बोलत? पोरीच्या शाळेचे पैसे कुठून काढत? हे कुठल्याच आकड्यात नाही. ते ज्यांना माहीत आहे, त्या आता सत्तरी-ऐंशीत आहेत.

आपल्याकडे मोबाइल आहे, त्यात रेकॉर्डर आहे. दादीला तिच्याच बोलीत बोलू द्या, मराठी नंतर करता येईल. फक्त तिचं नाव, गाव आणि जमेल ती तारीख आधी नोंदवा. फातिमाबींबद्दल ज्यांनी शंका घेतली, त्यांना उत्तर द्यायला आपल्याकडे एक पत्र तरी होतं. आपल्या घरच्या बायकांबद्दल उद्या कुणी विचारलं, तर तेवढंही नसेल.